पाणी तेवढंच, पावडर दुप्पट: अंगावरचं आणि डब्याचं दूध एकत्र देण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाळंतीण २३ वर्षांची, पहिलीच खेप. सासर भुसावळकडचं, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. माहेर यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातलं एक गाव. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. मे महिना, पारा ४४ अंशांच्या आसपास. ३८ आठवडे पूर्ण झालेले, कळा येऊनही बाळ खाली सरकेना म्हणून सिझर झालं. मुलगी, वजन २,७६० ग्रॅम, जन्मताच रडली.

सिझरनंतर आई वॉर्डात येईपर्यंत बाळ नातेवाइकांकडे होतं. ते आईच्या अंगाला पहिल्यांदा लागलं ९ तासांनी. मधल्या वेळात त्याला दोनदा वाटी-चमच्याने पावडरचं दूध दिलं आणि एकदा बोटावर मध चाटवला. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम होऊ शकतो, आणि त्यात बाळाचे स्नायू लुळे पडतात.)

चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन २,५६० ग्रॅम होतं, म्हणजे ७ टक्के उतरलेलं. पहिल्या काही दिवसांत एवढी घट होते. १० टक्क्यांच्या जवळ गेली तर थांबून बघावं लागतं. सुटीच्या कार्डावर एक ओळ होती: ‘दूध कमी वाटल्यास वरचे दूध द्यावे.’ किती, कधी, कसं आणि कुठपर्यंत, यातलं काही त्यात नव्हतं.

पाचवी पुजली त्या दिवशी मावशींनी ४०० ग्रॅमचा डबा आणि बाटली आणली. संध्याकाळी बाळ सारखं रडायचं, पाजून खाली ठेवलं की पुन्हा तोंड उघडायचं. आजी म्हणाल्या, “पोरनं पोट भरस नही.” नवजात बाळ संध्याकाळी तासा-दीड तासाने प्यायला मागतं. बहुतेक बाळं तसं करतात, आणि आईचं दूध वाढतं तेही त्याच पिण्यामुळे. हे त्या घरात कुणी सांगितलेलं नव्हतं.

अडचण

सातव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं: २,५३० ग्रॅम. चौदाव्या दिवशी २,५७०. म्हणजे आठवड्यात ४० ग्रॅम. या वयात रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. हे बाळ अजून १९० ग्रॅम मागे होतं.

घरच्यांना मात्र काळजी वाटत नव्हती, कारण लघवी दिवसातून आठ-नऊ वेळा आणि अगदी पाण्यासारखी होत होती. ‘सहा वेळा लघवी म्हणजे दूध पुरतंय’ हे त्यांनी ऐकलं होतं. ते खरं आहे, पण फक्त अंगावर पिणाऱ्या बाळासाठी. वरचं दूध सुरू असलं तर लघवीवरून एवढंच कळतं की पाणी पोटात जातंय. दूध जातंय का, हे वजनकाटाच सांगतो.

कुठे गडबड आहे ते समुपदेशनात आजींना दूध करून दाखवायला सांगितल्यावर कळलं. त्यांनी स्वच्छ हात धुतले. बाटलीत जारचं पाणी ६० मिलीच्या खुणेपर्यंत ओतलं. डब्यातला चमचा भरून सुरीच्या पाठीने नीट सपाट केला, पावडर बाटलीत टाकली, झाकण लावून हलवलं आणि बाटली पुढे केली. एकच चमचा. त्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण छापलेलं होतं. सूचना इंग्रजी आणि हिंदीत होती, अक्षर बारीक.

आजींकडे कारणं होती. “दाट दूध पचस नही,” हे पहिलं. घरच्या म्हशीचं दूध लहान मुलांना पाणी घालूनच देतात, त्यांनी स्वतःच्या मुलांनाही तसंच दिलेलं. दुसरं कारण त्यांनी हळू आवाजात सांगितलं: डबा महाग आहे, पुरवून वापरावा लागतो.

दिवसाला अशा चार बाटल्या, म्हणजे २४० मिली. नीट केलेल्या १०० मिली पावडरच्या दुधात साधारण ६७ किलोकॅलरी असतात. इथे अर्ध्या ताकदीच्या २४० मिलीतून मिळत होत्या जेमतेम ८०. एवढ्या बाळाला दिवसाला २८० च्या आसपास लागतात. म्हणजे पोट भरत होतं ते पाण्याने.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ६० मिली पातळ दूध प्यायलेलं बाळ तीन-चार तास झोपायचं, त्यामुळे अंगावर पाजणं दिवसातून सहा वेळांवर आलं. रात्री ‘बाळंतिणीला झोप मिळू दे’ म्हणून बाटली आजी द्यायच्या, त्यामुळे सहा तास स्तन रिकामे होत नव्हते. दूध स्तनात साठून राहिलं की शरीर दूध बनवणं कमी करतं, आणि रात्रीच्या पाजण्याला जास्त महत्त्व आहे कारण प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, रात्री जास्त असतं. जोडीला पकडही उथळ होती. बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्र जात होतं, भोवतीचा काळा भाग बाहेरच. डाव्या बाजूला चीर पडली होती, म्हणून आई त्या बाजूला पाजणं टाळत होती.

आणखी एक गोष्ट. बाळंतिणीला पाणी बेतानेच द्यायचं, असा घरातला नियम. पाणी थोडं कमी पडलं म्हणून दूध लगेच आटत नाही. पण ४४ अंशांत, पंखा बंद केलेल्या खोलीत तिला चक्कर येत होती आणि लघवीला जळजळ होत होती. पाजायला बसण्याचं त्राणच उरत नव्हतं.

काय काय पर्याय होते

सगळ्यात आधी बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वजन न वाढण्याचं कारण दूधच आहे, असं जंतुसंसर्ग वगळल्याशिवाय गृहीत धरता येत नाही. शिवाय पातळ दुधामुळे रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. साखर ठीक होती, संसर्गाची लक्षणं नव्हती, सोडियम १३२ म्हणजे १३५ च्या किंचित खाली. बाळ ओढून पीत होतं, टाळू खोल गेलेली नव्हती. दाखल न करता, दर दोन-तीन दिवसांनी वजन करायच्या अटीवर घरी पाठवलं.

मग प्रश्न होता पुढे काय. आईला हवं होतं ते असं: डबा आजच बंद, फक्त अंगावर. तिची इच्छा रास्तच होती, पण त्या दिवशी ते बाळाच्या जिवावर बेतलं असतं. पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर बाळाचं वजन केलं. दोन वेळच्या पाजण्यात फरक आला १४ आणि १८ ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. आठ वेळा पाजलं तरी दिवसाला १३० मिलीच्या आसपास. बाळाची गरज किलोला १५० मिलीप्रमाणे ३८५ मिली. मधली २५५ मिलीची खोट एका रात्रीत अंगावरून भरून निघत नाही.

वडिलांचा कल पूर्ण डब्याकडे होता. तसं केलं असतं तर वजन वाढलं असतं, पण मिळत असलेलं १३० मिलीही गेलं असतं. खर्चाचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला आणि तिथेच त्यांचं मत बदललं. तीन किलोच्या बाळाला दिवसाला १५ चमचे म्हणजे सुमारे ६६ ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा सहा दिवसांत संपतो. महिन्याला पाच डबे, आणि वय वाढेल तसे जास्त. एवढा खर्च झेपला नाही की पावडर पुन्हा पातळ होणार, हे उघड होतं.

गाईचं किंवा शेळीचं दूध पाणी घालून द्यावं, असं शेजारून सुचवलं गेलं. वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून चालत नाही. त्यातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात, लोह फार कमी असतं, आणि पाणी घातलं की उष्मांकही जातात. दुसऱ्या आईचं तपासलेलं दूध हा डब्यापेक्षा चांगला पर्याय. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून मानवी दुग्धपेढी आहे. पण पेढ्यांचं दूध आधी कमी दिवसांच्या बाळांना जातं, आणि या गावापर्यंत ते रोज पोचणं शक्य नव्हतं.

ठरलं ते असं: डब्याचं दूध औषधासारखं द्यायचं. ठरलेली मात्रा, ठरलेली वेळ, आणि ते कमी करत नेण्याची वाट पहिल्याच दिवशी कागदावर.

काय केलं

मात्रा साधी ठेवली. दर वेळी आधी अंगावर, मग ३० मिली पाणी आणि एक सपाट चमचा. दिवसातून आठ वेळा. हिशेब २४० मिलीचाच राहिला, फक्त चमचे चारचे आठ झाले. आजींना हे ‘पाणी तेवढंच, पावडर दुप्पट’ असं सांगितल्यावर एका क्षणात कळलं. दोन दिवस शी थोडी घट्ट आणि हिरवट होती. त्याची कल्पना आधीच दिली होती, म्हणून कुणी पुन्हा पाणी वाढवलं नाही.

पाणी जारचं असो की बोअरचं, खळखळ उकळायचं. जारचं पाणी गार असतं, म्हणजे निर्जंतुक असतंच असं नाही. पावडरही निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांच्या वरच्या पाण्यात पावडर कालवायला सांगते, डब्यावर मात्र बहुधा ‘कोमट पाणी’ लिहिलेलं असतं. इथे उकळलेलं पाणी झाकून ठेवून ते चांगलं गरम असतानाच मोजून घेतलं. आधी पाणी, मग पावडर. क्रम उलटला की माप चुकतं. नंतर भांडं गार पाण्यात ठेवून दूध कोमट करायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. उरलेलं दूध टाकून द्यायचं. वीज कधीही जाते, त्यामुळे फ्रीजच्या भरवशावर दूध करून ठेवायचं नाही, असा नियम घातला.

बाटली बंद केली. स्तनावर बारीक नळी चिकटवून बाळ पीत असतानाच वरचं दूध देण्याची पद्धत चांगली आहे, पण ती नळी रोज धुऊन निर्जंतुक ठेवणं या घराला जमणार नव्हतं. घरात चांदीचं जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी होती, ते काढलं. बोंडलं, वाटी, चमचा पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायचं. बाळाला जवळजवळ बसतं धरून बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवायचं, दूध ओठापर्यंत आणायचं आणि बाळाला स्वतः घेऊ द्यायचं. ओतायचं नाही, ओतलं की ठसका लागतो. पहिल्या दिवशी ३० मिलीला पंचवीस मिनिटं लागली आणि बरंचसं दुपट्यावर सांडलं. चौथ्या दिवशी आजी दहा मिनिटांत पाजत होत्या. बोंडल्याने पाजणं त्यांना घरात सगळ्यांपेक्षा चांगलं जमत होतं, आणि मापाची वहीही त्यांच्या नातवाकडून त्याच लिहून घेत होत्या.

खरा बदल अंगावर पाजण्यात झाला. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळालाच जवळ ओढायचं. आई स्तनावर वाकली की पकड पुन्हा उथळ होते. सिझरच्या टाक्यांवर भार नको म्हणून बाळ काखेखाली धरायला शिकवलं. ओढ मंदावली की स्तन हलके दाबायचे. दोन्ही बाजू, रात्री धरून आठ ते दहा वेळा, आणि रात्री २ ते ४ च्या दरम्यान एकदा पाजणं चुकवायचं नाही. दिवसातून सहा वेळा, पाजून झाल्यावर दहा मिनिटं हाताने दूध काढायचं. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर निघालं. ते आधी बोंडल्यात, मग डब्याचं. काढलेलं दूध त्या उन्हाळ्यात दोन तासांच्या आत संपवायचं ठरवलं.

पाजणं, वरचं दूध, दूध काढणं हे सगळं एका तासात उरकायचं, असं बजावलं होतं. ते दीड तासावर गेलं की आईला झोप उरत नाही, आणि मग चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

आईला तहान लागेल तेवढं पाणी, पंखा चालू. डिंक-मेथीचे लाडू आणि हळिवाची खीर सुरू ठेवली, त्याने ताकद येते. पण दूध वाढवण्याचं काम लाडवावर सोपवलं नाही. तिचं हिमोग्लोबिन ८.९ होतं, लोहाच्या गोळ्या वाढवल्या. थायरॉइड तपासला, ठीक निघाला. दूध वाढवण्याची गोळी मागितली गेली होती. त्या औषधाने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी पकड आणि वारंवारता सुधारून बघू, असं डॉक्टरांनी ठरवलं. गोळी लागली नाही.

उन्हाळा म्हणून बाळाला मधून चमचाभर पाणी देत होते, तेही थांबवलं. अंगावरच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही.

पुढे काय झालं

एकविसाव्या दिवशी वजन २,७७० ग्रॅम. जन्माचं वजन ओलांडलं. पाजण्याआधी-नंतरचा फरक आता ३० ग्रॅमच्या पुढे गेला होता, म्हणून वरचं दूध आठ वेळांवरून पाच वेळांवर आणलं. बंद केलं ते सकाळचं आणि रात्रीचं वरचं दूध, कारण तेव्हा स्तन भरलेले असतात. संध्याकाळचं तसंच ठेवलं. अठ्ठाविसाव्या दिवशी २,९८०, आणि वरचं दूध तीन वेळा.

तिथे घसरण झाली. तिसाव्या दिवशी घरात लग्न होतं. आई मांडवात, बाळ आजीकडे, सात तासांत एकदाही पाजणं किंवा दूध काढणं नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या स्तनात लाल, दुखरी गाठ आणि ताप. भीतीने त्या बाजूला पाजणं बंद झालं आणि गाठ वाढली. डॉक्टरांनी स्तनपानात चालणारं अँटिबायोटिक आणि पॅरासिटामॉल दिलं. त्याच बाजूला पाजत राहायला आणि मध्ये गार फडकं ठेवायला सांगितलं. त्या दुधाने बाळाला काही होत नाही. पस्तिसाव्या दिवशी वजन ३,०५० भरलं, आठवड्याला फक्त ७० ग्रॅम. वरचं दूध पुन्हा पाच वेळा केलं. बेचाळिसाव्या दिवशी ३,२५०.

त्यानंतर एक-एक वेळ कमी केली, प्रत्येक कपातीनंतर तीन-चार दिवस थांबून आणि वजन बघून. पूर्ण अंगावर येणं मात्र झालं नाही. संध्याकाळचं एक वरचं दूध, ६० ते ९० मिली, सहा महिन्यांपर्यंत चालू राहिलं. ते बंद करून बघितलं तेव्हा आठवड्याची वाढ खाली आली. आईला याचं वाईट वाटलं. पण बाळाचं बरंचसं दूध तिच्या अंगावरचंच होतं, आणि महिन्याला पाचऐवजी जास्तीत जास्त एक डबा लागत होता. डबा उघडल्यावर किती दिवसांत संपवायचा ते त्यावर छापलेलं असतं, त्यानंतर तो वापरायचा नाही, म्हणून उघडल्याची तारीख झाकणावर लिहीत होते. सहाव्या महिन्याला वजन ६.७ किलो. मऊ वरण-भात आणि कुस्करलेलं केळं सुरू झालं, अंगावर पाजणं चालूच.

वेगळं काय करता आलं असतं

सिझर झालं तरी आई शुद्धीत असेल तर पहिल्या तासात बाळ छातीवर देता येतं. नऊ तास फार होते.

सातव्या दिवसाच्या भेटीत वजन नोंदलं गेलं, पण ‘वरचं दूध कसं करता, करून दाखवा’ हे विचारलं गेलं नाही. ‘किती देता?’ या प्रश्नाला आजींचं उत्तर ‘साठ’ हेच असतं, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबरच वाटतं. दाखवायला लावलं असतं तर आठवडा वाचला असता.

वरचं दूध आठवरून पाच आणि पाचवरून तीन ही उडी समुपदेशनातलीच चूक होती. एका वेळी एकच पाजणी कमी करायला हवी होती. तसंच मे-जूनमध्ये आपल्याकडे लग्नं असतात. बाळंतीण कधी, किती तास घराबाहेर असणार हे आधी विचारून दर तीन तासांनी दूध काढण्याची सोय ठरवता आली असती.

वडिलांना पहिल्या दिवसापासून हिशेबात घ्यायला हवं होतं. पावडर पातळ होण्याचं एक कारण पैसा होतं, आणि तो प्रश्न चौदाव्या दिवसापर्यंत कुणी उघडपणे काढलाच नाही. शिशुदुग्ध पर्यायांबद्दलच्या १९९२ च्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात आणि फुकट नमुने बंद केले आहेत. पण ज्या बाळाला ते खरंच लागतं, त्याच्या घरच्यांना ते नीट बनवायला शिकवण्याला कायद्याची आडकाठी नाही. ब्रँडचं नाव सांगायची भीती वाटते म्हणून अनेकदा प्रमाणही सांगितलं जात नाही.

सुटीच्या कार्डावरच्या त्या एका ओळीऐवजी मराठीत एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं: आधी अंगावर, दोन्ही बाजूंना. मग इतके मिली, इतके सपाट चमचे, दिवसातून इतक्या वेळा, वाटीने किंवा बोंडल्याने. तीन दिवसांनी वजन. बाळ पिईना, सुस्त पडलं, ताप आला, झटका आला किंवा लघवी कमी झाली तर लगेच दवाखाना. आणि कमी कधी करायचं ते बघायला यायची तारीख.